मंदाताईंचा शुक्रवार

सकाळची संध्या आटोपून मी देवापुढचे निर्माल्य काढीत होतो, तेव्हा इक्बालशेठ दारात येऊन उभे राहिले. धामणकर नाक्याजवळच्या ज्या माडीवर आमच्या संस्कृत-अध्ययन मंडळाचा वर्ग भरतो ती माडी त्यांची, आणि खाली त्यांचाच यंत्रमागांचा कारखाना. इतक्या वर्षांचा परिचय, पण घरी ते कधी आले नव्हते. चपला बाहेर काढून उंबऱ्याशीच थांबले आणि म्हणाले, "शास्त्रीजी, ताई गेली…" आणि मग, "फोन करणार होतो. पन फोनवर बोलवंना." मंडळाच्या कार्यवाह मंदाताई म्हात्रे त्या पहाटे ठाण्याच्या रुग्णालयात निवर्तल्या होत्या. भाच्याने पहिला निरोप दिला तो जागामालकाला. अध्यक्षांना दिला नाही, मलाही दिला नाही. ऐकून क्षणभर मला खटकले. मग वाटले, बरोबरच आहे. अध्यक्ष माडीवर वर्षातून एकदा येत आणि मी येई तो शिकवून निघून जाई. जिना झाडण्यापासून दिवा मालवण्यापर्यंत त्या माडीवर मंदाताईंना दर खेपेस भेटणारे माणूस एकच होते, इक्बालशेठ.

या गोष्टीला आता महिना उलटून गेला. मृताविषयी लिहिताना मन शांत असावे, असे आम्हाला शिकवले गेले आहे. माझे ते नाही. शोकाहून वैतागच अधिक दाटून येतो. माझ्या वयाला तो शोभत नाही, हे मी जाणतो, परंतु ज्या परमेश्वराने तो दिला आहे त्याच्यापासून तो लपवण्यात अर्थ नाही.

मंदाताई कशेळीच्या शेतकरी घरातल्या, नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. निवृत्तीनंतर संस्कृत शिकावे म्हणून त्या माझ्याकडे आल्या आणि शिकण्यापूर्वीच शिकवण्याची व्यवस्था पाहू लागल्या. तेव्हा मंडळ म्हणजे ठाण्यातली काही प्रतिष्ठित मंडळी, सुंदर छापलेले शीर्षपत्र आणि वर्षातून एक व्याख्यान. "भिवंडीत मंडळ आहे ना? मग भिवंडीत वर्ग कुठाय?" असे त्यांनी पहिल्याच सभेत विचारले. वर्ग असावा, यावर सर्वांचे एकमत झाले. तो कोणी चालवावा, हा प्रश्न येताच प्रत्येकजण उठून हात जोडून "मी त्या कार्यास पात्र नाही" असे म्हणू लागला. आमच्या मंडळाची ही फार जुनी रीत आहे. कोणी नकार दिला की त्याच्या विनयाचे कौतुक होते, टाळ्याही पडतात, आणि काम तेथेच राहते. मंदाताईंना ही रीत माहीत नव्हती. त्या म्हणाल्या, "मी करते, दुसरं कुणी मिळेपर्यंत." इतिवृत्तात 'हंगामी कार्यवाह' अशी नोंद झाली. तो हंगाम त्यांच्या मृत्यूपर्यंत संपला नाही.

वर्ग रविवारी सुरू झाला, कारण संस्कृतचा वर्ग रविवारीच असतो. पहिल्या रविवारी मी शब्दरूपे म्हणू लागलो आणि खालून मागांचा खडखडाट असा सुरू झाला की माझा आवाज मलाच पोहोचेना. समोरच्या बायका माझे ओठ पाहून ओठ हलवीत होत्या. मी आवाज चढवला, घसा बसला. दुसऱ्या रविवारी तेच. मंदाताई मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. वर्ग सुटल्यावर म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, पाठांतर तुमच्यापेक्षा खालचे माग चांगलं करतायत. न थांबता!" आणि तशाच जिना उतरून इक्बालशेठना विचारत्या झाल्या, की हे बंद कधी असतात. ते म्हणाले, "शुक्रवारला, ताई. जुम्मा हाय ना. सगला बंद. सुई पडली तरी ऐकू येल."

झाले. संस्कृतचा वर्ग शुक्रवारी गेला. ठाण्याच्या सदस्यांनी भुवया उंचावल्या. एकाने तर दूरध्वनीवर विचारले, की गीर्वाणवाणीच्या अध्ययनास हाच वार का निवडावा? ताईंनी शांतपणे सांगितले, "वाणी सगळ्या वारी सारखीच हो. माग तेवढे वाराने चालतात." पण त्या शुक्रवारात आणखी एक सोय होती आणि ती एकट्या त्यांनाच दिसली होती. नारपोलीच्या ज्या बायका शिकायला येत, त्यांचे नवरे मागावर कामाला. शुक्रवारी ते घरी. म्हणून मुले त्यांच्यावर टाकून बायकांना संध्याकाळी निघता येई. दर रविवारी त्यांना हे कधीच जमले नसते. माझ्या काशीतल्या गुरूंनी वेळ, वार, नक्षत्र पाहून पाठ द्यावा असे सांगितले होते. घरी मुले कोण सांभाळील हे पाहून पाठ द्यावा, हे मात्र मी मंदाताईंकडून शिकलो.

त्यांच्याशी माझे पटत होते, असे मात्र कोणी समजू नये. मी अर्थाच्या गाभ्याशी यावे आणि त्यांनी टाळी वाजवून "आवरा बुवा, शेअर रिक्षा मिळायच्या नाहीत" म्हणावे, हे नेहमीचे. मी रागावलो की, "तुमचा गाभा पुढच्या शुक्रवारी तिथेच असेल की!" आणि त्यांचा मोठा दोष असा, की त्या कोणाला काही करू देत नसत. सतरंजी कोणी वाकडी घातली तर ती उचलून पुन्हा घालीत. कितीदा सांगितले, "मंदाताई, हाताशी एक उपकार्यवाह घ्या. मनुष्यदेह आहे…" त्या म्हणत, "घेते की. तुम्ही नाव सांगा, नारळ मी आणते." मी नाव सांगू शकत नसे. रुग्णालयात शेवटचे भेटलो तेव्हाही मी धीर देण्यासाठी म्हणालो, "वर्गाची चिंता करू नका, समिती पाहील." त्यांना हसू आले, हसण्याने खोकला आला, आणि खोकला ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "समिती? अहो, समितीला फोन कोण करणार?"

शोकसभा ठरली. मी दोनदा विनंती केली की ती शुक्रवारी घ्यावी. "रविवार सर्वांच्या सोयीचा," असे उत्तर आले. स्थळ? "ताईंची कर्मभूमी, म्हणजे माडीच." आणि अशा रीतीने, ज्या बाईने आम्हाला रविवारच्या खडखडाटातून बाहेर काढले, तिच्याच शोकसभेला आम्ही रविवारी त्या खडखडाटावर जाऊन बसलो. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. ते नामांकित डॉक्टर आहेत, वक्तृत्वही चांगले; पण दिसत होते ते केवळ हातवारे. मधूनच "निष्काम" असा शब्द वर येई आणि पुन्हा मागांत बुडे. सहा वक्ते झाले. मग दोन मिनिटे मौन पाळण्यात आले. ऐकू न येण्याने ज्याचे काही बिघडत नव्हते, असा त्या सभेतला तेवढाच भाग. इक्बालशेठ जिन्याच्या तोंडाशी उभे होते. माझ्या कानाशी येऊन जवळजवळ ओरडून म्हणाले, "आधी बोललात असता तर वेगली सोय केली असती. आता कसा बंद करू? कारीगर लोकांची मजुरी जाते… आनि ताईची सभा इतवारला? ताई ओरडली असती सगल्यांना!"

सभेनंतर कार्यवाहपदाचा विषय निघाला. त्यासाठी आम्ही जिन्याच्या खाली, रस्त्याकडेला उभे राहिलो, कारण तेथे निदान एकमेकांचे शब्द कळत होते. एकाने हात जोडले. दुसऱ्याने हात जोडले. "ताईंची जागा घेण्याची आमची पात्रता नाही," असे तिसरे म्हणाले, आणि सवयीने कोणीतरी मान डोलावून दाद दिली. मी आयुष्यात फार थोड्या वेळा मोठ्याने बोललो आहे. त्या दिवशी म्हणालो, "पात्रता कोणी विचारलीच नाही. शुक्रवारी कुलूप कोण काढणार, एवढेच विचारले आहे." सर्वांनी माझ्याकडे आदराने पाहिले. एका सदस्यांनी वाकून नमस्कारही केला. मग ठाण्यातल्या एका संस्थेत आपला वर्ग विलीन करावा, रविवारी मोबाइलवरून शिकवावे, असा विचार पुढे आला आणि "पुढील बैठकीत पाहू" असे ठरून गाड्या निघून गेल्या. त्या बायका मोबाइलसमोर कोठे बसतील, मुले कोणाच्या मांडीवर असतील… हे विचारायला रस्त्यावर मी आणि इक्बालशेठ एवढेच उरलो होतो.

कुलूप इक्बालशेठनी काढले. शुक्रवारी मी गेलो. खाली माग गप्प, वर सतरंजी गुंडाळलेली. मी ती घातली; वाकडी पडली. वाट पाहत बसलो. नारपोलीच्या सुनंदाबाई तेवढ्या आल्या. संस्कृतच्या पहिल्या परीक्षेची त्यांची तयारी अर्ध्यावर आहे. दारातूनच म्हणाल्या, "मास्तर, वर्ग हाय? मी सहज बघायला आले." मी विचारले, बाकीच्या कोठे आहेत? "त्यांना वाटलं, बंद झाला. फोन न्हाय आला ना." तेव्हा मला कळले. दर गुरुवारी संध्याकाळी मंदाताई प्रत्येकीला फोन करीत. वर्ग दर शुक्रवारी असतोच, हे सर्वांना ठाऊक, तरीही करीत. त्या फोनची इतकी सवय लागली होती की फोन नाही म्हणजे वर्ग नाही. इतकी वर्षे शेजारी बसून मला हे माहीत नव्हते, आणि सांगावे असे त्यांना वाटले नव्हते! त्या रिकाम्या माडीवर मी त्यांच्यावर मनातून जितका चिडलो, तितका त्या जिवंत असताना कधी चिडलो नव्हतो. एवढे सगळे एकटीने आपल्यापाशी ठेवून जायचे असते का, ताई?

सुनंदाबाईंकडून मी सर्वांचे क्रमांक घेतले. पुढच्या गुरुवारी दिवेलागणीला, देवाला नमस्कार करून, सुनेकडून मोबाइल कसा लावायचा ते पुन्हा समजून घेतले आणि पहिला फोन सुनंदाबाईंनाच केला. मागे कुकरची शिट्टी, मुलांचा कालवा. मी म्हणालो, "नमस्कार. मी शास्त्री बोलतो आहे. आपली प्रकृती, घरची मंडळी कुशल असावीत. मंदाताईंच्या दुःखद निधनानंतर मंडळाच्या कार्याविषयी आपल्या मनात जी शंका…"

"मास्तर," त्या मध्येच म्हणाल्या, "गॅसवर भात हाय. ताई एवढं न्हाय बोलायच्या. उद्या हाय का न्हाय, तेवढंच सांगायच्या आन् ठेवून द्यायच्या."

माझ्या पायांत आता किती जिने चढण्याचे बळ आहे, ते ईश्वर जाणे. पुढील बैठक कधी होईल, ते अध्यक्ष जाणोत.

"उद्या आहे," मी म्हणालो, आणि फोन ठेवून दिला.