भाऊंची पाडव्याची यादी

कापडाचं टोक अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरायचं, डोळे मिटायचे आणि मोदकाची पारी वळावी तशी बोटं हळूहळू फिरवायची. मग डोळे न उघडताच विचारायचं, "यादीत आहे का?"

हा प्रश्न भाऊ स्वतःलाच विचारत आणि उत्तरही स्वतःच देत. "नाही ना? मग राहू दे."

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या नात्यातली माणसं अजून आहेत आणि तीही ते नाव घेत नाहीत. मुरुडच्या बाजारात सगळे त्यांना भाऊ म्हणत. कचेरीत कारकून होते, वय पस्तिशीचं, अंगाने शेलाटे, चेहऱ्याने प्रसन्न. माझं शिवणकामाचं दुकान बाजारातून बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि एकोणीसशे पंचवीसच्या सुमाराला मशिन माझ्याकडे आलं. त्याबरोबर भाऊही आले.

दर दिवाळीच्या पाडव्याला सकाळी फराळ आटोपून ते दुकानात येत. काखेत गाठोडं असे. त्यात वर्षभरात घेतलेला एकूणएक कपडा, आणि खिशात गेल्या पाडव्याला लिहिलेली यादी. मी पंच.

"वाचतो हं, शिंपीबुवा. ठरवलं होतं : काळा अल्पाकाचा कोट एक. घेतला : एक. ठरवलं होतं : सदरे चार. घेतले : चार. ठरवलं होतं : अर्ध्या बाह्यांच्या पैरणी दोन." प्रत्येक कपडा ते फळीवर मांडत आणि माझ्याकडे बघत. मी मान डोलवायची.

पहिल्या वर्षी सगळं बरोबर जुळलं आणि शेवटी गाठोड्याच्या तळाशी एक लालभडक हातरुमाल राहिला. भाऊ ओशाळले. "हा यादीत नाही. पालीच्या जत्रेत मोह झाला."

"एवढं चालतं, भाऊ."

"चालत नाही. आज रुमाल, उद्या रेशमी छत्री. माणूस असाच वाहवत जातो." तो रुमाल त्यांनी मला देऊन टाकला.

यादीमागे एक गोष्ट होती. शिरस्तेदार, म्हणजे कचेरीतले मुख्य कारकून, चार-पाच वर्षांत निवृत्त व्हायचे होते आणि ती जागा भाऊंना मिळणार असं कचेरीत सगळेच धरून चालले होते. त्या खुर्चीत बसायच्या दिवशी कपड्यांसाठी धावपळ नको, म्हणून ते एकेक वर्षाने एकेक कपडा जमवत होते. शेवटच्या वर्षासाठी टसरचा रेशमी कोट राखून ठेवला होता.

दुसऱ्या पाडव्याला यादी पहिल्यांदा चुकली.

"ठरवलं होतं : अर्ध्या बाह्यांच्या पैरणी दोन," भाऊंनी वाचलं आणि थांबले. "घेतल्या नाहीत. पूर्ण बाह्यांचे सदरे सहा घेतले."

मीच ते शिवले होते. बाह्या मनगटाच्या खाली उतरतील इतक्या लांब त्यांनी मुद्दाम करून घेतल्या होत्या. शिवाय गाठोड्यातून मोज्यांचे तीन जोड निघाले. मुरुडच्या हवेत मोजे! वैशाखात तर आम्ही अंगात कपडा असल्याबद्दलच कुरकुरायचो. बाजारात कुणीतरी त्यांना विलायती साहेब म्हणायला लागलं. खोटं कशाला सांगू, मीही हसलो होतो. त्यांच्या पाठीमागे नव्हे, तोंडावर.

"शिरस्तेदाराची सवय आतापासून लावून घेतोय," तेही हसून म्हणाले.

तिसरं वर्ष निघालं आणि टोपी जाऊन डोक्यावर फेटा आला, कान पूर्ण झाकणारा. कोटाचा गळा उघडा ठरला होता, तो त्यांनी बंद करून घेतला. चालताना त्यांची एक वहाण मागेच राही आणि ते तसेच चार पावलं पुढे जात. कुणी हाक मारली की खाली बघत, मग परत येऊन ती पायात सरकवत. आम्हाला वाटे, विचारात असतील.

त्या पाडव्याच्या आधी नवीन सदऱ्यांचं कापड निवडायला ते आले. समोरच्या कापडवाल्या चाचांनी दोन तुकडे पाठवले होते. एक तलम मलमल, दुसरा मांजरपाट, गोणपाटाचा धाकटा भाऊ म्हणावा असा. भाऊंनी डोळे मिटले आणि बोटं फिरवली. कितीतरी वेळ फिरवली. मग मांजरपाट पुढे करून म्हणाले, "ही मलमल घेऊ."

त्यांनी डोळे उघडले, हातातल्या जाड्याभरड्या कापडाकडे पाहिलं.

"आज हवा फार दमट आहे," ते म्हणाले.

तसेच बोलत उभे राहिले. कचेरीतलं काहीतरी सांगत होते. डावा हात फळीवर टेकला होता. मला आधी वास आला. वाटलं, कापड जळतंय. वळून पाहिलं तर कोळशाची इस्त्री तापत ठेवली होती आणि तिच्या तळाला भाऊंच्या हाताची कड चिकटली होती. ते बोलतच होते.

"भाऊ! हात!"

त्यांनी हात उचलला आणि तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याच्याकडे पाहत राहिले. करंगळीखालची कातडी सोलून निघाली होती. तोंडातून साधा हुंकार नाही. मग बाही खाली ओढून हात तिच्यात घेतला आणि विचारलं, "सदऱ्याला डाग नाही ना पडला?"

ते गेल्यावर चाचा रस्ता ओलांडून आले. त्यांचं तरुणपण झांजिबारला व्यापारात गेलं होतं. सगळं त्यांनी समोरून पाहिलं होतं.

"बेटा, त्याच्या कानाच्या पाळ्या बघितल्यास कधी? फेट्याखाली काय हाय ते?"

"नाही."

"मी तिकडे बघितलंय हे. अल्ला रहम करो. तू कुणाला बोलू नको. बोललास तर त्याचं घर बसेल."

चाचांनी रोगाचं नाव घेतलं नाही, पण मला कळलं. त्या काळी आमच्याकडे महारोगाला रक्तपिती म्हणत आणि म्हणताना आवाज खाली येई. भाऊंच्या घराकडून कधीकधी त्या रोगावर लावतात त्या कडू कवठीच्या तेलाचा उग्र दर्प यायचा, त्याचाही उलगडा झाला. मी कुणाला बोललो नाही, एवढं खरं. पण त्या दिवशी दुकानातली फळी मी राखेने तीनदा घासली.

चौथ्या पाडव्याला भाऊ लांबून येताना दिसले आणि मी टेप गुंडाळून खणात टाकली.

ते आत आले नाहीत. पायरीवर उभ्या उभ्याच त्यांनी यादी काढली. "ठरवलं होतं : उन्हाळी उपरणं एक. घेतलं नाही. ठरवलं होतं : टसरचा कोट एक. अजून नाही. घेतलं : पांढरे हातमोजे, दोन जोड." कागदाची घडी त्यांना नीट घालता येईना. तो तसाच चुरगळून खिशात गेला. "पुढच्या वर्षाचं यंदा काही लिहिलं नाही. फक्त तो कोट शिवून द्या. मोठे साहेब तपासणीला येणार आहेत. जागेचं तेव्हाच ठरेल."

आणि नेहमीप्रमाणे माप देण्यासाठी त्यांनी दोन्ही हात अंगापासून जरा दूर धरले.

"जुनं माप आहे ना, भाऊ, माझ्याकडे."

"दोन वर्षांचं आहे ते. मी उतरलोय."

"अंदाजाने आत घेतो."

त्यांचे हात तसेच हवेत राहिले. मग हळूहळू खाली आले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तुमची मुलंबाळं आहेत घरात."

इतक्या वर्षांत हे आम्ही पहिल्यांदा बोललो, आणि बोललो ते एवढंच.

कोट बिघडला. खांदे लोंबत होते, पाठीत फुगा आला होता. माझ्या हातून इतका वाईट कोट कधी गेला नव्हता. भाऊंनी तो विनातक्रार नेला आणि तपासणीच्या दिवशी घातला. पुढचं मला कचेरीच्या पट्टेवाल्याने सांगितलं. साहेबांनी एका कागदावर सही करायला सांगितली. हातमोज्यात टाक धरता येईना. साहेब म्हणाले, मोजे काढा. भाऊंनी दाताने एकेक मोजा ओढून काढला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

पट्टेवाला म्हणाला, "साहेब खुर्चीसकट मागं सरकलं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांना घरी बसायला सांगितलं. आठवड्याने भर दुपारी बाजारात धूर आला. कचेरीमागे सुरूच्या झाडांखाली वाळूत भाऊंची खुर्ची जाळत होते. दुकानादुकानांतून माणसं बाहेर आली, धुराकडे बघितलं आणि आत गेली. काय जळतंय, असं कुणी कुणाला विचारलं नाही. मीही नाही.

त्यांच्या दारात दूध येणं बंद झालं. विहिरीवर वहिनी, भाऊंच्या पत्नी, गेल्या की बाकीच्या बायका कळश्या उचलून बाजूला होत. कुणीतरी त्यांच्या पडवीवर दगड टाकला. बाजार नेहमीसारखा चालू होता, पण त्या आळीच्या तोंडाशी आलं की माणसांची पावलं आपोआप भरभर पडत.

एक दिवस वहिनी दुकानाच्या मागच्या दाराशी आल्या. गाठोडं पायरीवर ठेवून स्वतःच चार हात मागे सरल्या.

"आत या, वहिनी."

"नको. एक विचारायचं होतं. ह्यांना गुंड्या लावता येत नाहीत. बोटं वळत नाहीत आता. मी लावून देते म्हटलं तर लावू देत नाहीत. सकाळी बसतात ते एका गुंडीशी झगडत दुपार करतात. जेवायलासुद्धा उठत नाहीत." त्यांनी गाठोड्याकडे बोट केलं. "काही करता येईल का?"

त्या गेल्यावर मी गाठोडं सोडलं. माझ्याच हातचे सदरे होते. गुंड्यांच्या जागचं कापड ओढून ओढून विरलं होतं आणि त्यावर दातांच्या खुणा होत्या.

दोन दिवस मी दुसरं काम केलं नाही. नाड्या लावून पाहिल्या, पण गाठ मारायलाही बोटं लागतातच. शेवटी नारळाच्या करवंटीच्या बोटभर लांब खुंट्या घासून केल्या, एका बाजूला त्या शिवल्या आणि दुसऱ्या बाजूला सुतळीचे सैल फास ठेवले. स्वतःच्या दोन्ही हातांना फडकी बांधून बघितलं. तळव्याने ढकललं की खुंटी फासात बसत होती.

मग टेप खिशात टाकली आणि भाऊंच्या घरी गेलो. सकाळची वेळ होती. आळीतली माणसं बघत होती.

भाऊ पडवीत बसले होते. डोक्याला फेटा नव्हता, अंगात सदरा नव्हता. फेटा आल्यापासून त्यांचा चेहरा मी तेव्हा प्रथमच पूर्ण पाहिला.

"सदरे नवीन शिवतोय, भाऊ. उभे राहा. माप घ्यायचंय."

"जुनं आहे ना तुमच्याकडे?"

"हरवलं ते."

भाऊ भिंतीला धरून उठले आणि हात अंगापासून दूर धरले. मी टेप छातीभोवती नेली. भीती गेली होती असं मी म्हणणार नाही. पाठीमागून टेप पुढे आणताना माझी बोटं त्यांच्या उघड्या अंगाला लागली.

"गार आहेत हो तुमची बोटं!" भाऊ एकदम म्हणाले. आणि दाराआड उभ्या असलेल्या वहिनींना मोठ्याने सांगितलं, "अगं, ह्यांची बोटं गार लागली मला!"

वहिनींनी पदर तोंडाला लावला.

घाटावर अशा माणसांसाठी एक आश्रम होता. तिथे जायचं ठरलं. मोटारवाल्याने नकार दिला, गावातला एकही गाडीवान तयार होईना. शेवटी आतल्या खेड्यातून भात घेऊन आलेला एक म्हातारा शेतकरी कबूल झाला. "मी न्हेतो," तो म्हणाला. "माजा आजा ह्याच दुखन्यानं गेला. मला त्याचं भ्याव न्हाय."

निघायच्या सकाळी चाचा आणि मी एवढेच होतो. भाऊ गाडीत मागे तोंड करून बसले, वहिनी गाडीवानाकडे तोंड करून. दोन नव्या सदऱ्यांपैकी एक भाऊंच्या अंगावर होता. चाचांनी मलमलीचा एक तुकडा वहिनींच्या शेजारी ठेवला आणि मान फिरवली.

"शिंपीबुवा, बघा," भाऊ छाती पुढे काढून म्हणाले. "पाचही खुंट्या मी लावल्या. हिने हात लावला नाही."

गाडी रोह्याच्या रस्त्याला लागली. वळणापर्यंत त्यांचं तोंड आमच्याकडेच होतं.

सहा महिन्यांनी वहिनींचं कार्ड आलं. आश्रमातल्या इतरांनी सदरे पाहिले आहेत, त्यांनाही तसेच हवे आहेत, जमेल तसे पाठवावेत. मी पाठवू लागलो. खुंट्या घासून माझ्या बोटांना घट्टे पडले. दर कार्डात भाऊंची एखादी ओळ असे : ताप आहे, ताप उतरला, एका डोळ्याने कमी दिसतं. मग दोन कार्डांत त्यांच्याबद्दल काहीच नव्हतं.

तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर आलेलं कार्ड अगदी लहान होतं. "ह्यांचे दोन्ही सदरे इथल्याच एका गृहस्थांना दिले. त्यांना बाह्या लांब होतात. पुढच्या खेपेला दोन बोटं कमी कराव्या."

भाऊ गेल्याचं मला असं कळलं.

कार्ड मी मशिनच्या खणात ठेवलं. समोर चाचा दुकान उघडत होते, त्यांना हाक मारून सांगावं असं वाटलं. मग कापड फळीवर पसरलं, बाहीवर दोन बोटं ठेवून खडूने खूण केली आणि कात्री लावली.