धाकट्याचे चार, ह्यांचे एकोणीस

आमच्या ह्यांना कुणी विचारलं, काय करता, तर लिफ्ट दुरुस्त करतो म्हणून सांगतात. ते पोटापुरतं. खरा उद्योग वेगळाच आहे. कळायला लागल्यापासून हे धाकट्या भावावर जळतात, आणि त्या कामात ह्यांनी एका दिवसाची सुट्टी घेतलेली मला आठवत नाही.

मूळ कारण ताई. आई लवकर गेली, तेव्हा दोघा भावांना मोठ्या बहिणीने वाढवलं. ह्यांना ती पहिल्यापासून दादा म्हणते, हे तिच्याहून लहान असूनही. धाकट्याला मात्र बाळ्या. तेवढ्यावरून ह्यांना जे समजायचं ते समजलं. पुढे बाळ्याने पडद्यांचं दुकान टाकलं, अंगाने गोल झाला, गाल लाल झाले, चार माणसांत टाळ्या देऊन हसायला लागला. हे शिडीवर चढून तेलकट तारा ओढत राहिले आणि काडीपैलवान ते काडीपैलवानच. तो खातो आणि मी राबतो, हे वाक्य मी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकलं होतं.

एकदा बाळ्याच्या, म्हणजे माझ्या भाऊजींच्या, घरी हात धुताना ह्यांना आरशाखालच्या फळीवर लोहाच्या टॉनिकची बाटली दिसली. लाल गालांचं गुपित सापडलं! भाऊजींना ते कशासाठी दिलं होतं, हे विचारायचं सोडून ह्यांनी दुसऱ्याच दिवशी तसली बाटली आणली, आणि मग वर्षानुवर्षं ती येतच राहिली. मी विचारलं तर म्हणायचे, अशक्तपणा आहे. गाल काही लाल झाले नाहीत.

मग ताई आजारी पडली. तिने दारूचा थेंब कधी पाहिला नव्हता, पण रक्तातली साखर वाढलेली, आणि लिव्हरमध्ये चरबी साठत साठत सगळं लिव्हर सुरकुतून निकामी झालेलं. डॉक्टर म्हणाले, जवळच्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तर ती वाचेल. दोघे भाऊ एकदमच खुर्चीतून उठले. आपण जरा आधी उठलो, असं हे अजूनही सांगतात.

तुकडा द्यायचा तर आधी देणाऱ्याचं लिव्हर धड हवं. म्हणून दोघांचा एमआरआय ठरला. सोनोग्राफीत चरबी आहे एवढं कळतं, नेमकी किती ते कळत नाही. एमआरआय ते आकड्यात सांगतो, तेही सुई न टोचता. लोहसुद्धा मोजतात, कारण लोह जास्त असलं की चित्र काळवंडतं आणि चरबीचा आकडा फसवा येऊ शकतो. हे सगळं आम्हाला तिथल्या टेक्निशियन बाईंनी सांगितलं. ह्यांच्या कानात त्यातला एकच शब्द शिरला होता, आकडा.

आधी भाऊजी आत गेले, मग हे. त्या बोगद्यात झोपवून बाई सूचना देत होत्या, श्वास सोडा, आता धरून ठेवा. बाहेर आल्यावर बुटाच्या नाड्या बांधता बांधता ह्यांनी त्यांना विचारलं, माझ्या भावाने किती वेळ श्वास धरला? बाई म्हणाल्या, सगळ्यांना सारखाच धरायला लागतो. ह्यांचा त्यावर विश्वास बसला नाही.

डॉक्टरांच्या खोलीत निकाल लागला. शंभरात धाकट्याचे चार, ह्यांचे एकोणीस. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांना धाकट्याहून जास्त काही मिळालं होतं, आणि ते म्हणजे चरबी. ह्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आकड्यांची अदलाबदल झालीय म्हणाले, त्याच्याकडे बघा आणि माझ्याकडे बघा म्हणाले. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, चहा किती होतो? उत्तर मी दिलं. जिथे लिफ्ट उघडायची तिथे चहा, प्रत्येक कपात मोजून दोन चमचे साखर, वर क्रीमची बिस्किटं, जेवण राहिलं तर राहिलं. बारीक माणसाचं लिव्हरही त्याने चरबट होतं, डॉक्टर म्हणाले. शिवाय लोहही बरंच जास्त दिसतंय, कसलं औषध चालू आहे का?

हे छताकडे बघायला लागले. मीच टॉनिकचं नाव सांगितलं.

भाऊजी म्हणाले, "दादा, ते तर मला मूळव्याधीत रक्त जायचं म्हणून दिलं होतं. महिनाभरापुरतं."

हे फाइल उचलून तडक बाहेर पडले.

ताईला जंतुसंसर्ग झाला होता. तो बरा होऊन अंगात ताकद यायला दोन-तीन महिने लागणार होते. तोवर शस्त्रक्रिया लांबली, आणि देणारा म्हणून भाऊजींचं नाव पक्कं झालं. मग काय, भाऊजींचं कौतुकच कौतुक. नातेवाईक फोन करकरून त्यांना देवमाणूस म्हणत होते. हे म्हणायचे, चार टक्क्यांचा देव.

पण माणूस हट्टाला पेटला. टॉनिक केरात गेलं. घराण्यात लोहाचा दोष नाही ना, ते तपासून झालं, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून मधून मधून रक्त काढून लोह उतरवणं सुरू झालं. चहातली साखर गेली, बिस्किटं गेली. लिफ्ट दुरुस्त करायची आणि सातव्या मजल्यावर जायचं मात्र जिन्याने. मी एकदा विचारलं, हे ताईसाठी चाललंय की बाळ्यासाठी? म्हणाले, दोघांसाठी. निदान खरं तरी बोलले.

दुसऱ्या एमआरआयला ह्यांचे पाच आले, लोहही ठिकाणावर. दोघांपैकी कुणीही चालेल, डॉक्टर म्हणाले. आनंद व्हायला हवा होता. पण भाऊजींचे चारच होते, आणि तो वरचा एक ह्यांच्या डोळ्यांत खुपत होता.

त्या आठवड्यात रुग्णालयाने दोघांशी एकेकट्याने बोलून घेतलं, मनापासून देताय ना, म्हणून. त्यानंतर भाऊजींनी सगळ्यांसमोर मान खाली घालून सांगितलं की मला भीती वाटते, माझ्याने होणार नाही. ह्यांनी उठून भावाच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता. मी आहे ना, म्हणाले, आणि छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं ताणली.

मी भाऊजींना जिन्यापाशी गाठलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. तीन महिने देवमाणूस म्हणवून घेतलंत आणि आता शेपूट घालता? त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, भ्यायचं असतं तर तेव्हाच पळालो असतो. दादाला एकदा तरी ताईला असं काही देऊ दे, जे माझ्याकडून मिळालेलं नाही. त्याला सांगू नका. सांगितलंत तर ह्याचाही हेवा करेल."

खरं सांगते, मला रागच आला. पोट कापलं जाणार माझ्या नवऱ्याचं आणि मनाचा मोठेपणा भाऊजींचा! आता मलाही ह्या माणसाचा हेवा वाटायला लागला. पण वर जाऊन ह्यांचा चेहरा पाहिला, लग्नातही इतका खुलला नव्हता, आणि अळीमिळी गुपचिळी करून बसले.

ताईची आणि ह्यांची शस्त्रक्रिया नीट पार पडली. काही दिवसांनी ताईला चाकाच्या खुर्चीत बसवून ह्यांच्या खोलीत आणलं. हे उशीला टेकून केस सारखे करत वाट बघत होते. भाऊजी कोपऱ्यात उभे. ताई आत आली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाळ्या, जेवलास का?"

मग ती ह्यांच्याजवळ आली, हात हातात घेतला, रडली, सगळं झालं. पण ह्यांच्या कानात पहिलं वाक्यच राहिलं. ती गेल्यावर म्हणाले, "माझं लिव्हर पोटात घालून फिरतेय, आणि विचारते त्याला." जित्याची खोड, दुसरं काय.

मी सफरचंद कापत होते. ह्यांनी हळूच विचारलं, "तो खरंच घाबरला होता ना?"

ह्यांच्या मनातही ती शंका आली होती तर. सुरी बाजूला ठेवली.

"हो," मी म्हटलं. "पाय लटपटत होते त्यांचे."

ह्यांनी समाधानाने डोळे मिटले आणि फोड मागून घेतली.