सुकडी आणायला कोण जाणार

दुष्काळाच्या साली आमच्या गावात महिला मंडळाची बालवाडी निघाली आणि मी तिची मदतनीस झाले. बौद्धवाड्यात चौथी शिकलेली बाई मी एकटीच होते, म्हणून घेतलं. दुसरं कारण नव्हतं. शिकवणाऱ्या बाई रिसोडहून एसटीनं यायच्या. एसटी चुकली की साठ लेकरं माझ्या एकटीच्या अंगावर. त्यांच्या आया उजाडताच रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलेल्या असायच्या.

बालवाडी चावडीच्या ओट्यावर भरायची. दहाच्या सुमाराला लेकरांना सरकारी सुकडी, म्हणजे भाजलेलं गोड पीठ, मिळायची. बऱ्याच लेकरांचं दिवसाचं खरं जेवण तेवढंच. सुकडीची पोती मागच्या कोठीत असायची आणि कोठीची किल्ली काकाजीकडे. काकाजी म्हणजे पन्नाशीचा, घरची शेती असलेला माणूस. मंडळाला मदत म्हणून रोज यायचा, लेकरांना गाणी म्हणून दाखवायचा. फुकट काम करतो म्हणून त्याला कोणी काही विचारत नसे.

सुकडी आणताना डबा धरायला रोज एक लेकरू त्याच्यासोबत कोठीत जायचं. त्याला एक मूठ जास्त मिळायची, म्हणून तो मोठा मान होता. तो कोणाला द्यायचा हे मी ठरवायचे. रिसोडच्या शिबिरात आम्हाला सांगितलं होतं की स्वच्छतेला बक्षीस द्या. मी रोज सकाळी ओळीनं नखं बघायचे आणि ज्याची सगळ्यांत साफ त्याला कोठीत धाडायचे. एक दिवस काकाजी म्हणाला, "पोट्टे लय सांडतात व बाई. पोरीच देत जाय." मी पोरीच देऊ लागले. शिबिरात सुकडी कशी मोजायची, हात कसे धुवायचे, सगळं शिकवलं होतं. लेकरू कोणाजवळ एकटं सोडायचं नाही हे कोणी सांगितलं नाही. पण मला डोळे होते, ते शिबिरात मिळायचे नव्हते.

माझ्या गल्लीतली एक पाच वर्षांची पोरगी होती. टँकरच्या पाण्याचे दिवस, तरी तिची आई राखेनं तिचे हात घासून पाठवायची. तिला चार-पाच वेळा मान मिळाला. मग ती काळी नखं घेऊन यायला लागली. मी तिच्या बोटांवर पट्टी मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा मारली. ती रडली नाही, हात मागेही घेतला नाही. लेकरू मार चुकवत नाही म्हणजे काहीतरी आहे, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

तिसऱ्या दिवशी मी लवकर गेले. ती पोरगी चावडीच्या मागं उकिरड्याशी वाकली होती आणि शेणात बोटं खुपसून घोळवत होती. तिच्या बाजूला आणखी दोघी. एकीचं झालं की दुसरी. कोणी हसत नव्हतं, खेळ नव्हता तो.

मी ओट्यावर गेले आणि ओळ लावली. पोरांची नखं जशी असतात तशी, कोणाची साफ, कोणाची मळकी. डबा धरण्याजोग्या मोठ्या पोरी अकरा होत्या. अकराच्या अकरा जणींची काळी. 

काकाजी किल्ली हलवत आला. "कोण येते आज?"

"मीच येतो," मी म्हटलं.

तो हसला. "काहून? तुले मूठभर जास्त पायजे काय?"

मी डबा उचलला. कोठीला खिडकी नव्हती. आत गेलं की तो दाराला कडी लावायचा, कुत्रे घुसतात म्हणून. ती कडी मला रोज ओट्यावर ऐकू यायची. त्या दिवशी त्यानं लावली नाही.

दुपारी मी त्या पोरीला जवळ बसवून विचारलं. तिनं जे सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही. तिच्याकडे तर त्यासाठी शब्दही नव्हते.

संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंकडे गेले. मोठं घर. मला त्यांनी अंगणातच उभं ठेवलं.

"कोणी पाह्यलं?" त्या म्हणाल्या.

"पोरीनं सांगतलं."

"पाच वर्साची पोट्टी! तिले सपन पडलं असन."

"अकरा जणींले एकच सपन पडते काय, बाईसाहेब?"

त्यांनी मागं घराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "गावात बोंबलशीन तं उद्या त्या पोरीले कोण करून घेईन? अन् मंडळ बंद पडलं की सुकडी बंद. साठ लेकराइच्या तोंडचं काढतं काय तू?"

त्यांचं म्हणणं मला पटलं असं नाही, पण मी घाबरले. घरी येऊन गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी काकाजी म्हणाला, किल्ली हरवली. तिसऱ्या दिवशीही हरवलेलीच. लेकरं रिकाम्या ताटल्या घेऊन बसायची. चौथ्या दिवशी आया खडीच्या कामावरून थेट माझ्या दारात आल्या, हातोड्या हातातच.

"काहून वं, तुलेच मान पायजे होता म्हणे? अन् लेकरं उपाशी मारून राह्यली!"

"तुले कोणं सांगतलं?"

"काकाजीनं."

त्या पोरीची आई सगळ्यांत पुढं होती. मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं. तिनं मला शिवी दिली. मग म्हणाली, "तूच तिले धाडत होती?" मी हो म्हटलं. तिनं हातातली हातोडी सावरली. बायांकडे वळून दोन वाक्यं बोलली आणि सगळ्या कोठीकडे निघाल्या. कुलूप दोन घावांत तुटलं. मी सुकडी वाटली. काकाजी त्या दिवशी घराबाहेर पडला नाही.

पोरींच्या नावाचं भय घालून अध्यक्षीणबाईंनी बोभाटा होऊ दिला नाही. आठ दिवसांनी ओट्यावर काकाजीचा सत्कार झाला, नारळ दिला, आणि पलीकडच्या गावात नवीन बालवाडी निघाली होती तिथं मदतीला धाडलं. मीही टाळ्या वाजवल्या. त्या गावच्या मदतनीस बाईला निरोप द्यावा असं वाटलं होतं. एसटी जात होती, पायही होते. मी गेले नाही. माझ्या गल्लीतल्या पोरी सुटल्या होत्या, तेवढं मला पुरलं.

तीन महिन्यांनी रिसोडच्या बाजारात ती मदतनीस भेटली. माझ्याच वयाची, हसरी, मिरच्या घेत होती.

"तुमच्या गावानं हिराच देला आमाले," ती म्हणाली. "मले घडीभर सुट्टी नसे. आता लेकरं त्याच्यापाशी सोडतो अन् बाजार करून येतो. माही पोरगीबी तिथंच हाये."

मी तिला तिथंच, मिरच्यांच्या ढिगापाशी सगळं सांगितलं. ती आधी हसली. मग तिनं माझा दंड धरला. अजून नख लागल्याची जागा सांगू शकते इतका घट्ट.

"तुले कधीपासून माहीत हाये?"

मी सांगितलं.

तिनं पिशवी तिथंच टाकली आणि स्टँडकडे पळाली. मी मागून गेले. तिच्या गावची गाडी नुकतीच सुटली होती. पुढची चार वाजता. पायी निघालो असतो तरी त्या चारच्या गाडीच्या मागूनच पोचलो असतो. ती फलाटाच्या कठड्यावर बसली, मी बाजूला बसले. ती जरा सरकली. साडेबारा वाजले होते.