वॉल्टची टाकी मी घासली

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! पण लपवणं माझ्या स्वभावात नाही. चहा घ्या आणि ऐका. हसायचं तर हसून घ्या, आमच्या घरात महिनाभर कुणी हसलेलं नाही.

माझा मुलगा शिरीष. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या या एवढ्याशा गावात घरी बसून कंप्युटरचं काम करतो. ना देऊळ, ना मंडळ, ना कुणी बोलायला. पन्नाशीला आला आणि मोटारसायकल घेतली! का? तर गावातल्या समस्त बाप्यांचं दैवत तेच. पांढऱ्या दाढीच्या वेण्या, बिनबाह्यांची चामड्याची जाकिटं, आणि दर शनिवारी धडधडत निघणारी फौज. बिचारा किती दिवस त्यांच्या मागे मागे. शेवटी घेतलं हो त्याला त्यांच्यात!

एवढंच नाही. त्यांचा म्होरक्या वॉल्ट, त्याच्या गराजचं दार बिघडलं म्हणून, गावातल्या मोटारसायकलींच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आपली गाडी आमच्याकडे ठेवून गेला. केवढा विश्वास! शिरीष तर तरंगतच होता.

मी गाडी पाहिली. पेट्रोलची टाकी गंजून तांबडी झालेली! माणूस विधुर असणार, म्हटलं. बाई घरात असती तर असं राहिलं असतं?

चिंच भिजवली, मीठ घेतलं, तारेची घासणी घेतली. माझी शाळा चौथीत सुटली, पण पुढचं सगळं मी माझं मीच शिकले, आणि घासण्यात मला हरवणारी अजून जन्मायची आहे. दुपारभर घासलं. टाकीत तोंड दिसायला लागलं!

शिरीष मीटिंग आटोपून आला आणि गराजच्या दारातच खाली बसला.

"आई! हे काय केलंस?"

"घासली. थँक्यू म्हण."

"अगं, तो गंज मुद्दाम ठेवलेला! उन्हात वर्षानुवर्षं तापून तो रंग चढतो. इथली स्टाइलच ती आहे. उद्या लोक तेच बघायला येणार होते!"

"गंज बघायला? मग अलिबागच्या आपल्या खिडक्या दाखव त्यांना, तिकीट लावू!"

"आई, प्लीज!"

तेव्हा कळलं. या गावात कुणाचं काही कोरं, चकचकीत दिसलं की तो माणूस टूरिस्ट!

वॉल्ट आला. टाकीकडे बघून त्याने टोपी काढली. मयताला काढतात तशी.

मी जन्मात कुणाची माफी मागितलेली नाही. त्या दिवशी मागितली, तीही इंग्रजीत. म्हटलं, ठेवा गाडी इथेच, गंज परत आणून देते.

"मॅम," तो हळूच म्हणाला, "मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे."



तरी हरले नाही. सकाळ-संध्याकाळ मिठाचं पाणी शिंपडलं. गंज आला, पण कसा? तान्ह्या बाळाने दुपटं खराब करावं तसे पिवळे ओघळ! दोघं दाढीवाले येऊन गाडी ढकलत घेऊन गेले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या शनिवारी फौज आमच्या दारावरून गेली. शिरीष जाकीट घालून पायरीवर उभा. कुणी थांबलं नाही. धुरळा बसेपर्यंत तो तिथेच होता. मग आत आला आणि जाकीट खुंटीला लावलं.

आता दर शनिवारी तो माझ्यासमोर सोफ्यावर असतो. सून म्हणते, "आई, बोला ना त्याच्याशी काहीतरी."

काय बोलू? पूर्वी दर शनिवारी तो गाडीला किक मारायचा, तेव्हा मागून मीच ओरडायची ना, "मेल्या, एखादा शनिवार आईजवळ बसत जा!"

बसलाय.