एका दातासाठी लावलेला कौल

मी हाडांवर संशोधन करते असं कळल्यापासून आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या मला गुडघे दाखवून जातात. घरातली पहिली पदवीधर मीच. ती हाडं हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची असतात हे शेजारणींना समजावण्यापेक्षा 'बघ की जरा' म्हणणं आईला सोपं जातं. अशा या डॉक्टरणीला देवरूखजवळच्या गावी एकटीनं पाठवायचं ठरलं, कारण माझ्या मार्गदर्शक मॅडम न्हाणीघरात घसरून पाय मोडून बसल्या होत्या.

काम साधं नव्हतं. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत हाड टिकत नाही, आम्ल ते खाऊन टाकतं आणि पुरावा उरत नाही. त्यामुळे किनाऱ्यावरचे लोक फार पूर्वी सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत येऊन राहिले होते, हे मॅडमचं म्हणणं विद्वान मंडळी हसण्यावारी नेतात. आणि आता तिथल्या शाळेतल्या गुरुजींनी कळवलं होतं की विहीर खणताना एक जुनं मडकं निघालंय, आत शिंपल्या आणि माणसाचे दात आहेत. शिंपल्यांच्या चुन्यानं दात वाचले असणार. त्यातला एक तपासणीसाठी पुण्याला आणायचा. मॅडमची अर्ध्या आयुष्याची मेहनत आणि माझा प्रबंध त्या एका दातावर उभा राहणार होता.

तुम्हाला जायचं असेल तर पुण्याहून सकाळची एसटी पकडा. आंबा घाटात खिडकी मिळवा, देखावा अप्रतिम आहे म्हणतात. मी खिडकी मिळवली आणि घाटभर पिशवीत तोंड घालून बसले. साखरप्याच्या चहानं जीव परतला. देवरूखला स्टँडजवळ स्वस्तातली खोली मिळते, पण पुढच्या गावांना दुपारची गाडी एकच. ती चुकली तर चालत. मी चालले.

गुरुजींच्या घरी वहिनींनी कुळथाचं पिठलं आणि नाचणीची भाकरी वाढली. अशा घरी पैशांची गोष्ट काढू नका, माणसं दुखावतात. काहीतरी खाऊ न्या. मी मॅडमच्या निबंधाच्या प्रती नेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कळलं की मडकं ग्रामदेवतेच्या देवळात ठेवलंय. सभामंडपात जमलेल्या गावापुढे मी भाषण केलं. मानवजातीचा इतिहास, देशाची प्रगती, सगळं घेतलं. मागून एका आजोबांनी विचारलं, "ह्यो मडक्यातला आमच्यातला का भायेरचा?" मी म्हटलं, ते तपासल्यावर कळेल. "म्हंजे तुलाबी ठाव नाय," ते म्हणाले, आणि मंडप हसला.

देवळाचे पुजारी तात्या गुरव यांनी निकाल दिला. हद्दीत सापडलेला माणूस हद्दीबाहेर न्यायचा तर देवाला कौल लावायला हवा. देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी विज्ञाननिष्ठ, पण मनात हिशेब केला. निम्मी शक्यता होती, विद्यापीठाच्या अनुदानापेक्षा बरी.

तात्यांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही पुन्याची लेक तुज्या पायाशी आलीया. मेलेल्या मानसाचा दात बगून तो काय जेवत व्हता ता सांगनार म्हनते."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

"तिला यश दे. बिचारीला दुसरा कामधंदा नाय."

"व्हय म्हाराजा."

"आनि तिच्या हातून काय चूकभूल झाली, तर आमचीच लेक म्हनून पदरात घे."

या वेळी 'व्हय म्हाराजा' मीही म्हणाले.

डावी कळी पडली.

मी परत एकदा विचारता येईल का म्हटलं. तात्यांनी मडकं माझ्यापुढे सरकवलं. "नेयाचं नाय. हितं बसून काय बगायचं ता बग, बाय."

मी बसले. मोजलं, चित्रं काढली, फोटो घेतले. दाढा सपाट झिजल्या होत्या, किनाऱ्यावरच्या वाळूचे कण असलेलं अन्न वर्षानुवर्षं चावल्यासारख्या. मॅडमचं म्हणणं खरं असावं असं पहिल्यांदाच डोळ्यांना दिसत होतं. दुपारी सगळे जेवायला गेले, तात्यासुद्धा. मडकं आणि मी. दाढ चिंचोक्याएवढी, रुमालाच्या टोकात मावली असती. मी ती तळहातावर घेतलीही. पकडलं जाण्याची भीती नव्हती. माझ्या चुकीची माफी गावानं सकाळीच मागून ठेवली होती, आणि नेमकी तीच आड आली. दाढ मडक्यात ठेवून मी पुन्हा मापं लिहायला घेतली.

पुण्याला मॅडमनी सगळे फोटो भिंगातून पाहिले. मग विचारलं, "दात?" मी सांगितलं. "मी असते तर आणला असता," त्या म्हणाल्या, आणि या दातांवरच्या नव्या निबंधावर माझं नाव आपल्या नावाआधी लिहिलं.

तो मी परिषदेत वाचला. मॅडमना नेहमी हसणारे ज्येष्ठ सर उभे राहिले. नमुना कुठे आहे, आम्ही पडताळायचं कसं? मी म्हटलं, "सर, गावात जाऊन कौल लावावा लागेल." सभागृह इतकं हसलं की पुढचं कुणी ऐकलंच नाही. एवढाच माझ्या संशोधनाचा विद्वज्जगतावर झालेला परिणाम. पण चहाच्या वेळी तेच सर जवळ आले आणि हळूच विचारलं, देवरूखची गाडी कुठून सुटते.

ते पुढच्या महिन्यात जाणार आहेत. त्यांनी दाढा पाहाव्यात, मॅडमचं म्हणणं मान्य करावं, असं मला मनापासून वाटतं. पण त्यांच्या वेळी उजवी कळी पडली आणि मला नाकारलेला दात त्यांना मिळाला तर? देव मानत नाही असं सांगणारी मी हल्ली रोज सकाळी आईच्या देव्हाऱ्यासमोर थांबते. फार काही मागत नाही. डावी म्हणजे कुठली, तेवढं त्याला बोटानं दाखवते.