आत्याचं उरलेलं जठर

माझी आत्या बॅगा शिवते. प्रवासाच्या, शाळेच्या, अवजारांच्या. फाटकी बॅग घेऊन आलेल्या माणसाला ती आधी बॅग कशी वापरावी यावर चार शब्द सुनावते आणि मगच सुई हातात घेते. गल्लीला याची सवय आहे. नाही ती फक्त माझ्या वडिलांना, कारण ते तिचे थोरले भाऊ.

मागच्या वर्षी तिच्या जठरात गाठ निघाली. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना समजावलं. जठर म्हणजे स्नायूंची पिशवी. भिंतीत तीन थर, एक उभा, एक गोल, एक तिरपा. आत्या लगेच म्हणाली, "बरोबर आहे. एकाच दिशेनं शिवलं तर उसवतं." आतून घड्या असतात, जेवलं की त्या उलगडतात. अन्न घुसळलं जातं, ॲसिडनं त्याचा पातळ लगदा होतो, आणि त्या ॲसिडनं पिशवीच जळू नये म्हणून आत चिकट अस्तर. तळाशी एक घट्ट कडं, ते हा लगदा बेताबेतानं आतड्यात सोडतं. ऑपरेशनमध्ये आत्याच्या जठराचा खालचा अर्धा भाग गेला, त्यात ते कडंही गेलं. उरलेलं जठर थेट लहान आतड्याला जोडलं.

ती आमच्याकडे राहायला आली आणि वडिलांच्या मायेला पूर आला. आत्या जरा फिकी दिसली की साखरपाण्याचा ग्लास घेऊन हजर. आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, पण भावाचं मन मोडवेना म्हणून ती तो घटाघटा प्यायची. थोड्या वेळानं घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. मग आणखी साखरपाणी. एकदा तर ती तिच्या दुकानात शिलाई मशीनवरच कलंडली. वडिलांनी ठरवून टाकलं, कामामुळेच होतंय हे, मशीन विकायचं. तिला न विचारता गिऱ्हाईकही ठरवलं. मला त्यांचा संताप आला. बहिणीच्या पोटाची काळजी म्हणत ते तिच्या पोटावरच पाय देत होते.

मी आत्याला डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "साखरपाणी कोण देतं यांना? अडवायला कडं नाही, सगळी साखर एकदम आतड्यात पडते. आतडं रक्तातलं पाणी ओढून घेतं, मग चक्कर येणारच. थोडं थोडं खा, नीट चावा, पाणी जेवणाबरोबर नको." बाहेर पडल्यावर आत्या दवाखान्याच्या जिन्यातच बसली आणि हसत सुटली. "म्हणजे मला दादा पाडतोय. रोज. प्रेमानं."

वडील मशीनचं गिऱ्हाईक घेऊन आले तेव्हा ती दुकानात जेवत होती. बशीत चार घास, पण एकेक घास असा चावत होती, जणू जठराचं काम आता दातांकडेच आलंय. गिऱ्हाईकानं मशीनचं चाक फिरवलं.

"हात नको," आत्या म्हणाली, आणि पुन्हा चावू लागली. वडील आणि तो माणूस ताटकळत उभे राहिले. बशी संपली तशी वडिलांनी साखरपाण्याचा ग्लास पुढे केला. "घे, फिकी पडलीस बघ."

तिनं ग्लास घेतला. खुंटीवरची रेक्झीनची पिशवी काढून टोचायच्या आरीनं तळाला एक भोक पाडलं आणि निम्मं साखरपाणी आत ओतलं. थेंब थेंब गळू लागलं.

"हे तुझं जठर, दादा."

मग कात्रीनं पिशवीचा तळ कापला आणि उरलेलं ओतलं. सगळं एकदम वडिलांच्या बुटांवर.

"हे माझं. यात तू रोज साखर ओततोस, आणि मी पडले की मशीनला दोष देतोस. डॉक्टरबाईंना विचारून आलेय."

वडील एक पाऊल मागे सरले. "पण पुन्हा पडलीस तर?"

"तर उचल. थोरला आहेस, तेवढं तुझं काम. अर्ध्या जठरावर मी जगतेय. मशीनशिवाय जगते का, हा प्रयोग माझ्यावर करून बघू नकोस."

गिऱ्हाईकानं मशीन बांधायला आणलेला दोर गुंडाळला. वडिलांनी बूट पुसायला फडकं मागितलं. आत्यानं दिलं नाही.

"तसाच घरी जा," ती म्हणाली. "वहिनी विचारेल काय झालं. सगळं सांग तिला."