ताईच्या दोन रेघा

ताईचा फोन आला तेव्हा मी जालन्यात मस्तगडातल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले होते. मे महिना होता. कूलरमधलं पाणी संपलं होतं आणि तो नुसतीच गरम हवा फेकत होता.

"कामात हाय का तू?" तिने विचारलं.

"बोल ना."

"काही विशेष न्हाई. दोन-तीन दिवस झाले, हात थरथर करून राह्यलेत. सकाळी कप उचलला तर अर्धा चहा बशीत. आईला सांगू नको."

आई माझ्या मागेच तांदूळ निवडत बसली होती. तिला फोनमधलं ऐकू गेलं की माझ्या चेहऱ्यावरून कळलं, कोण जाणे. तिने सूप बाजूला सारलं आणि नुसती बघत राहिली.

ताई माझ्याहून मोठी. लग्न होऊन कुंभार पिंपळगावला गेली, घरची शेती, माणसं चांगली. तिशी उलटता उलटता तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. दाजींचा रक्तगट जुळला नाही. माझी तपासणी सुरू व्हायच्या आतच आई संभाजीनगरच्या डॉक्टर मॅडमना म्हणाली, "हिचं लग्न व्हायचंय अजून. माझी घ्या." आईची किडनी ताईला बसवली त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. तेव्हापासून ताई रोज सकाळ-संध्याकाळ एक कॅप्सूल घेते. ती शरीराला गप्प ठेवते, नाहीतर शरीर आलेल्या किडनीला परकी समजून मोडून काढतं. पण तेच औषध रक्तात जास्त झालं तर किडनीला मारतं. कमी पडलं तरी भीती, जास्त झालं तरी भीती.

हात थरथरणं हे जास्त झाल्याचं लक्षण. मला ते माहीत होतं, कारण माझा धंदाच तो आहे. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी घरून काम करते. औषध घेतल्यावर ते रक्तात किती चढतं, किती वेळाने उतरतं, याचे आकडे आमच्याकडे येतात. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर रक्तातलं प्रमाण घेऊन प्रत्येक माणसाची एक रेघ निघते. मग त्या सगळ्या रेघा एकाच आलेखावर, एकमेकींवर ठेवायच्या. आम्ही त्याला ओव्हरले म्हणतो. नुसते आकडे वाचून जे लक्षात येत नाही ते रेघा एकावर एक ठेवल्या की दिसतं. कुणाची सगळ्यांच्या वर गेलेली असते, कुणाची चढायलाच उशीर करते. त्या माणसांना नावं नसतात, क्रमांक असतात. म्हणून इतक्या वर्षांत मला कुठल्या रेघेची भीती अशी वाटली नव्हती.

"उद्या सकाळची कॅप्सूल घ्यायच्या आधी जालन्याला ये, रक्त देऊ," मी ताईला सांगितलं.

"एवढं काय त्यात?"

"ये म्हणते ना."

दाजी तिला घेऊन आले. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मोबाईलवर आला. कॅप्सूलचं प्रमाण हवं त्याच्या जवळपास तिप्पट होतं, आणि क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीची तब्येत कळते, तेही वाढलं होतं. मी तो रिपोर्ट संभाजीनगरला मॅडमना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. त्या नेहमी आधी आईची चौकशी करतात. त्या दिवशी केली नाही. "आजच ॲडमिट करा," एवढंच म्हणाल्या. त्यांनी विचारपूस वगळली, त्याचीच मला जास्त धास्ती बसली.

दाजी, ताई, आई आणि मी लगेच गाडीने संभाजीनगरला निघालो. बदनापूर मागे पडल्यावर दाजींनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "खरं सांग, कॅप्सूल दोनदा घेतली का तू? घेतल्याचं इसरून परत घेतली?"

"न्हाई घेतली."

"मंग तिप्पट कसं झालं? हवेतून आलं का?"

"बराबर घेते मी. बिलकुल चुकत न्हाई."

दाजी रागीट नाहीत. पण घाबरलेला माणूस कुणाची तरी चूक शोधतो, कारण चूक सापडली तर ती सुधारता येते. ताई खिडकीबाहेर बघत बसली. तिचे हात मांडीवर होते आणि गाडीच्या हादऱ्यांपेक्षा वेगळ्या गतीने हलत होते.

दवाखान्यात मॅडमनीही तेच विचारलं, आणि बाकीचंही. जुलाब झाले का? दुसऱ्या कुठल्या गोळ्या, काढा, चूर्ण? ताईने सगळ्याला मान हलवली, नाही. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. कॅप्सूल बंद ठेवू. सकाळ-संध्याकाळ रक्त घेऊ. नवीन औषध जात नाही म्हटल्यावर प्रमाण उतरायला पाहिजे."

ते उतरलं नाही. पहिल्या संध्याकाळी जवळपास तितकंच. दुसऱ्या सकाळी किंचित कमी. त्या संध्याकाळी परत जवळपास तितकंच. नवी कॅप्सूल पोटात जातच नव्हती आणि औषध रक्तात ठाण मांडून बसलं होतं. सिस्टर आकडा सांगायच्या तेव्हा आई त्यांच्या तोंडाकडे बघायची, आणि मग माझ्याकडे, जणू मी त्याचा अर्थ बदलू शकणार होते.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर आई मला म्हणाली, "माझीच किडनी खराब असंल का गं? म्हातारी किडनी. तिला औषध बाहेर टाकायला जमत नसंल."

"हे औषध किडनी नाही बाहेर काढत आई, लिव्हर काढतं."

मी हे तिची समजूत घालायला म्हणाले. पण म्हटल्यावर माझ्याच मनात आलं, म्हणजे आता लिव्हरही का?

तिसऱ्या दिवशी सकाळचा आकडा आल्यावर मी माझ्या सिनिअरना फोन केला, घरची अडचण सांगितली आणि ऑफिसच्या सॉफ्टवेअरवर ताईचे आकडे बघू का, असं विचारलं. ते म्हणाले, "बघ, पण इलाज डॉक्टरांना करू दे." मी लॅपटॉप घेऊन कँटीनमध्ये बसले. किडनी बसवल्यानंतरच्या आठवड्यात मॅडमनी एकदा दिवसभर ठरावीक अंतराने ताईचं रक्त घेतलं होतं. ते रिपोर्ट माझ्या मोबाईलमध्ये होते. ते आकडे भरले. त्याखाली आत्ताचे भरले. आडव्या अक्षावर शेवटच्या कॅप्सूलपासूनचा वेळ घेतला आणि आलेख काढला.

पडद्यावर जे आलं ते भलतंच होतं. रेघ चढली, उतरली, मग एकदम मागे फिरून आकाशात गेली. माणसाच्या शरीरात असं होत नाही. क्षणभर काय आहे हेच कळेना. मग लक्षात आलं, दोन्ही वेळच्या तपासण्या वेगळ्या धरायला मी सॉफ्टवेअरला सांगितलंच नव्हतं. त्याने ताईची दोन वर्षांपूर्वीची रेघ आणि आजची रेघ एकच समजून जोडून टाकली होती. नव्या मुलांना मी ही चूक पहिल्याच दिवशी दाखवते. त्या सकाळी मीच ती केली होती.

तपासणी कुठली, जुनी की आत्ताची, असा एक रकाना वाढवला. त्याप्रमाणे रेघा वेगळ्या केल्या. आता दोन आल्या, एक निळी, एक लाल. लाल खूप वर होती, पण ते तर आम्हाला माहीतच होतं. उंचीने काही कळत नव्हतं. तेव्हा मी उभा अक्ष बदलून लॉगचा, म्हणजे प्रत्येक पायरीला दहापट वाढणारा, केला. या अक्षावर औषध शरीराबाहेर जाण्याचा वेग रेघेच्या उताराने दिसतो. कॅप्सूल कमी घेतली काय, दुप्पट घेतली काय, रेघ खाली-वर सरकते, उतार तोच राहतो. ताईने चुकून दोनदा घेतली असती तर लाल रेघ निळीच्या वर, पण तिला समांतर उतरली असती.

निळी व्यवस्थित उतारावरून खाली येत होती. लाल जवळजवळ आडवी होती.

मी किती वेळ बघत बसले माहीत नाही. चहावाल्याने दोनदा विचारलं. ताई खरं बोलत होती, तिने दुप्पट घेतलं नव्हतं. पण तो दिलासा टिकला नाही, कारण मग उरत होतं ते वाईट होतं. औषध बाहेर टाकणारं दारच कुणीतरी लावून घेतलं होतं. लिव्हर बिघडलं असेल, तर आईची किडनी वाचवून तरी काय उपयोग. नाहीतर दुसरं एखादं औषध वाटेत आडवं बसलं असेल. ती दुसरी शक्यताच खरी निघू दे म्हणून मी देवाचं नाव घेतलं.

वॉर्डात गेले तेव्हा दाजी पाय मोकळे करायला बाहेर गेले होते. मी आईला म्हटलं, "जरा खाली जाऊन ताईसाठी नारळपाणी चालेल का विचारून ये मॅडमना." आई गेली. मी ताईच्या कॉटवर बसले.

"ताई, तू दोनदा घेतली नाही, हे मला कळलंय."

तिने डोळे मिटले. "कुणीतरी मानलं."

"पण तू दुसरं काहीतरी घेतेस. डोकेदुखीचं असो, अंगदुखीचं असो, काहीही."

"न्हाई गं."

"क्रीम? पावडर? पोटात घ्यायचं काहीही."

मग पांघरुणाशी चाळा करत, दाराकडे बघून, अगदी हळू म्हणाली, "ते औषध थोडंच हाय. खाजंचं हाय."

"कसली खाज?"

"गजकर्ण झालंय. उन्हाळा, घाम, त्यात ह्या गोळ्यांनी अंग नाजूक." तिने पुन्हा दाराकडे पाहिलं. "जागा सांगायसारखी न्हाई. ह्यांनाबी सांगितलं न्हाई मी. पुरुष डॉक्टर असतात गावात सगळे. जाऊबाईंना झालं होतं तवा त्यांना ज्या कॅप्सुलांनी गुण आला, त्या उरलेल्या होत्या. त्याच घेतल्या. खाज कमीबी आली."

"किती दिवस?"

"पंधरा-एक दिवस झाले असतील." ती माझ्याकडे बघून घाबरली. "काय झालं? खाजंच्या गोळीचा किडनीशी काय संबंध?"

मी तिचा हात धरला. बुरशीवरची ती औषधं लिव्हरचं तेच दार अडवतात ज्यातून ताईची कॅप्सूल बाहेर पडते. माझ्या कामात अशा जोड्या आम्ही मुद्दाम तपासतो. एकटं औषध, आणि दुसऱ्यासोबत घेतलेलं तेच औषध, अशा दोन रेघा एकावर एक ठेवून. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं आणि रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही.

"संबंध आहे," एवढंच म्हणाले. "चल, मॅडमना सांगू. त्या बाईच आहेत."

मॅडमनी आलेख बघितला, ताईचं ऐकलं, जाऊबाईंकडून फोनवर कॅप्सूलचं नाव मागवलं आणि खुर्चीला टेकून बसल्या. "हेच मी विचारत होते पहिल्या दिवशी," त्या ताईला म्हणाल्या, पण रागाने नाही. "अंगावर कुठेही काहीही झालं तरी मला सांगायचं. लाजायचं नाही. ते दुखणं मी तुला लावायच्या औषधाने बरं करून देते." दाजी तेवढ्यात आत आले. त्यांना सगळं कळल्यावर ते ताईच्या शेजारी येऊन बसले. मग ताईला म्हणाले, "मला तर सांगायचं होतं." गाडीतल्या बोलण्याबद्दल ते काही म्हणाले नाहीत. ताईनेही आठवण काढली नाही.

मला वाटलं, कारण सापडलं, आता भीती संपली. मॅडम म्हणाल्या, "खरी काळजी आता आहे. ते बुरशीचं औषध शरीरातून हळूहळू जाईल. ते गेलं की दार उघडेल, आणि हिची कॅप्सूल झपाट्याने खाली येईल. किती खाली, कधी, ते आज सांगता येणार नाही. फार खाली गेली तर शरीर किडनीवर उठेल." म्हणजे जे उतरावं म्हणून आम्ही देवाला हात जोडत होतो, ते उतरायला लागलं की पुन्हा हात जोडायचे.

ताई दवाखान्यातून सुटल्यावर कुंभार पिंपळगावला न जाता मस्तगडला आमच्याकडेच राहिली. एक दिवसाआड रक्त. मी प्रत्येक आकडा भरायचे आणि लाल रेघ एक ठिपका पुढे सरकायची. आई पदराने हात पुसत माझ्या खुर्चीमागे उभी राहायची. तिला लॉगचा अक्ष वगैरे कळत नव्हतं, पण रेघ वाकली तेव्हा ती माझ्या आधी म्हणाली, "खाली चालली." तिच्या आवाजात आनंद नव्हता. मी मॅडमना फोन लावला. त्यांनी कॅप्सूल पुन्हा सुरू केली, अगदी थोडी, मग थोडी जास्त, मग आणखी जरा. मधे एका रिपोर्टमध्ये प्रमाण हवं त्याच्या खाली गेलं. त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. ताई न्हाणीघरात जाऊन रडली, पाण्याचा नळ सोडून.

पावसाळा लागल्यावर ती सासरी गेली. हातांची थरथर थांबली. भाकरी थापते. दाजी आता तिच्यासोबत प्रत्येक तपासणीला आत येऊन बसतात. खोकल्याचं औषध घ्यायचं असलं तरी ती आधी मला फोन करते आणि फोन वाजला की आई काम सोडून उभी राहते.

क्रिएटिनिन खाली आलं, पण पूर्वीइतकं नाही. थोडं वर राहिलं ते राहिलंच. मॅडम म्हणतात, चालेल. आई मला विचारते, "चालंल म्हणजे किती वर्षं चालंल?"

मला ते माहीत नाही. मी तिला तसंच सांगते.